टॉर्नेथीच्या चुलीपाशी

ये ग्रिझेल, अशी दिव्याजवळ बस. विंचरायची लोकर राहिली असेल तर तीही घे. रिकाम्या हातांनी ऐकण्यासारखी गोष्ट नाही ही.

तू या घरात सून म्हणून आलीस त्याला आठ महिने झाले. गेल्या रविवारी चर्चमधून येताना शेजारच्या ड्रमॉर्टीच्या बायकांनी तुला गाठून काहीतरी विचारलं, हे मला कळलंय. "तुझा सासरा म्हणे एकाच दिवशी दोन ठिकाणी होता," असंच ना? विचारू देत. तीस वर्षं विचारतायत. मी तुला खरं काय ते सांगते, फक्त पाद्रीबुवांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. माणूस चांगला आहे, पण असलं काही ऐकलं की त्याला लगेच चेटकिणींचे दोर आणि जाळायची लाकडं आठवतात.

आणि आधीच सांगून ठेवते, मी सुखी बाई आहे. घर राहिलं, जमीन राहिली, नवरा सत्तरीपर्यंत जगून आपल्या अंथरुणात गेला. त्याच्या पिढीतल्या किती जमीनदारांना असं मरण आलं, सांग बरं?

त्या मंगळवारी मी चीज उलटायला दूधघरात गेले होते. ऑक्टोबर होता. चीजची चाकं फळ्यांवर मांडलेली असतात, ती रोज उलटावी लागतात, नाहीतर एका अंगाला ओल धरते. तेवढंच काम. पण त्या दिवशी मी ती उलटत नव्हते, आपटत होते. कारण सकाळीच तुझा सासरा, निनियन, सहा माणसं घेऊन आपल्या भागाच्या बड्या सरदाराच्या, अर्लच्या फौजेला मिळायला गेला होता.

सगळे त्याला टॉर्नेथीच म्हणायचे, जमिनीच्या नावानं. निनियन म्हणणारी मी एकटी. त्याच्या बापानं अर्लच्या बापाला करार लिहून दिला होता, की अर्लनं बोलावलं की टॉर्नेथीनं घोड्यावर बसायचं, समोर कोणीही असो. राजाचं नाव त्यात कुठं नव्हतं, आणि घोळ तिथंच होता. त्याच्या सहा वर्षं आधी अर्ल पहिल्यांदा राजावर उलटला तेव्हा निनियन गेला. हरले. मग एडिंबऱ्याला जाऊन राजासमोर गुडघे टेकले, बायबलवर हात ठेवून शपथ घेतली, तेव्हा कुठं मान वाचली. राजाच्या वकिलानं तेव्हाच सांगितलं होतं, "टॉर्नेथी, क्षमा एकदाच मिळते. पुढल्या वेळी मानही जाईल आणि जमीनही."

आणि आता पुढली वेळ आली होती. न जावं तर अर्लचे स्वार येऊन कोठार पेटवणार. जावं तर राजा मान उडवणार. निनियन चार दिवस जेवला नाही नीट. आणि माझं मत त्यानं विचारलं नाही. मी न विचारताच दिलं.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. "आजारी आहे म्हणून सांग. पाय मोडला म्हण. हवा तर मी मोडून देते."

"एफी, बापाची सही आहे."

"बाप मेला. सही त्याच्याबरोबर पुरायची होती."

तो बूट चढवत होता. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यानं दुसरा बूट मागितला. माझ्या नवऱ्याची ही एक खोड होती बघ. माणूस सोन्यासारखा, पण पंधरा वर्षांत माझं एक वाक्य त्यानं शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. मग मात्र माझं डोकं फिरलं. तो अंगणात घोड्यावर बसला, सहा माणसं मागं उभी, आणि मी पायरीवरून सगळ्यांसमोर ओरडले, "जा! तुला घरी बसायचं नसेल तर नको बसूस. माझ्या चुलीपाशी दुसरा कोणीतरी येऊन बसेल, आणि तोच माझा नवरा!"

माणसं हसली. निनियनही हसला. टोपी उडवून गेला.

दूधघराला एकच अरुंद खिडकी आहे, तू पाहिलीच आहेस. तिच्यातून मी पाहिलं, समुद्राकडून धुकं वर येत होतं. आपल्याकडचं धुकं तुला नवं नाही, पण ते वेगळं होतं. जमिनीला चिकटून, सरपटत, कुंपणाच्या एकेका खांबाला गिळत आलं. आवाज एकेक करून बंद झाले. आधी मेंढ्या. मग ओढा. मग अंगणात आमची मोलकरीण नॅन्स कोंबड्यांवर ओरडत होती, तीही थांबली. भर दुपारची वेळ, पण खिडकीत नुसता दुधासारखा पांढरा उजेड. आणि एक वास आला. ओल्या नेच्यांचा, आणि त्याच्या मागं, खूप वर्षं बंद असलेलं तळघर उघडल्यावर येतो तसा. घाण नव्हता तो. गार होता.

मी शेवटचं चाक उलटलं आणि वळले. दारात निनियन उभा होता.

"एफी," तो म्हणाला, "मी आलो."

घोड्याच्या टापा ऐकू आल्या नव्हत्या. हे मला नंतर सुचलं. तेव्हा मी फक्त चीजचे हात एप्रनला पुसले आणि त्याच्या गळ्यात पडले. अंगरखा ओलाचिंब, आणि तो इतका गार, की माझे दात वाजले.

"परत फिरलास?"

"हो."

"आणि माणसं?"

"ती पुढं गेली."

"घोडा कुठाय?"

"मागं आहे," तो म्हणाला. आणि मी ते मान्य केलं. हवं ते मिळालं की माणूस फार चौकशा करत नाही, ग्रिझेल.

मी त्याला वर दिवाणखान्यात नेलं, चुलीत पीटचे, दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीचे ठोकळे रचले, त्याच्या खुर्चीत बसवलं, जवाचं गरम कढण दिलं. त्यानं वाडगा दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी बोलायला लागले. किती भ्याले होते ते सांगितलं. मग माझ्या बहिणीचं सांगितलं, मग गिरणीवाल्याच्या बायकोचं, मग पाचव्या वर्षी गेलेल्या आमच्या थोरल्या मुलीचं, जिचं नाव निनियनसमोर घ्यायची मला चोरी होती. तो ऐकत होता. मधे बोलला नाही. बूट मागितला नाही. मी थांबले की म्हणायचा, "मग?"

संध्याकाळी मी वाडगा उचलला. कढण तसंच होतं, वरपर्यंत. वर साय धरली होती. आणि त्याचा अंगरखा, एवढ्या विस्तवासमोर दोन तास बसून, तसाच ओला.

रात्री तो अंथरुणावर आला नाही. "मी इथंच बरा आहे," म्हणाला. मी एकटी वर गेले आणि गाढ झोपले. हेही सांगायला हवं. भीती वगैरे काही नाही, लहान मुलीसारखी झोपले.

सकाळी धुकं होतं तसंच. नॅन्स मला जिन्यात भेटली. ती माझ्या माहेरून आलेली, माझ्याहून वीस वर्षांनी मोठी, घरात कोणाला न घाबरणारी. ती कुजबुजत होती.

"बाईसाहेब, धनी बरे नाहीत."

"दमलेत."

"दमलेला माणूस शिव्या देतो. मी त्यांच्या पायावर राख सांडली, तर म्हणाले, असू दे नॅन्स." ती जवळ सरकली. "पंधरा वर्षांत मला त्यांनी थेरडी सोडून हाक मारलेली नाही."

मी हसले. हसू ओठावरच राहिलं. मी दिवाणखान्यात गेले, चुलीतला विस्तव सारखा करायच्या निमित्तानं त्याच्या जवळ बसले, आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. तेच नाक, तीच दाढी, दाढीतला तोच पांढरा पट्टा. हात गुडघ्यांवर. निनियनच्या डाव्या करंगळीचं टोक लहानपणी गिरणीच्या दगडात गेलं होतं. या माणसाच्याही करंगळीला टोक नव्हतं.

उजव्या.

मग मला दिसायला लागलं. दाढीतला पट्टा उजवीकडे हवा होता, तो डावीकडे होता. भुवईवरचा व्रण दुसऱ्या भुवईवर. पाण्यात वाकून पाहिल्यावर निनियन जसा दिसला असता, तसा तो होता.

मी चिमटा हातात धरून तशीच बसून राहिले. किती वेळ, कोण जाणे.

"विस्तव गेला, एफी," तो हळूच म्हणाला.

मी पुन्हा ठोकळे रचले. दुसरं काय करणार? घरात आम्ही दोघी बायका, आणि पाळण्यात सहा महिन्यांचा तुझा नवरा. बाहेर धुकं. किंचाळून कोणाला बोलावणार? आणि खरं सांगू... त्यानं काही वाईट केलं नव्हतं. मी बोलावलं होतं, तो आला होता. पायरीवरून, सात जणांसमोर, मोठ्यानं बोलावलं होतं. मी नॅन्सला सांगितलं, मुलाला गिरणीवर दाईकडे ने आणि तू परत ये. ती काही न विचारता गेली आणि काही न विचारता परत आली.

गुरुवारी दुपारी फाटकाशी घोडे वाजले. या वेळी टापा ऐकू आल्या. बारा स्वार, आणि पुढं राजाचा अधिकारी, वॉल्टर मेल्ड्रम. तरुण होता तेव्हा, पंचविशीतला, नाकाचा शेंडा थंडीनं लाल. त्याच्या एका स्वाराच्या गळ्यात शिंग होतं.  जो जमीनदार घरी सापडणार नाही, त्याच्या फाटकाशी ते तीनदा फुंकायचं, की तो बंडखोर ठरला. मग त्याला कोणीही मारावं, त्याचं घर कोणीही घ्यावं.

"टॉर्नेथी घरी आहेत का, बाई?" मेल्ड्रमनं विचारलं. विचारतानाच त्यानं शिंगवाल्याकडे पाहिलं. उत्तर त्याला माहीत होतं, असं त्याला वाटत होतं.

ग्रिझेल, तो क्षण मी आयुष्यभर उलटून पाहिलाय. खरं सांगितलं असतं तर निनियन मेला असता. त्याच वेळी, दिवसभराच्या वाटेवर, ऑखरच्या माळावर तो राजाच्या तोफांसमोर उभा होता. तिथून वाचला असता तरी दोरावर गेला असता, आणि आम्ही रस्त्यावर. खोटं बोलायचं, तर त्या... त्याला माझा नवरा म्हणायचं. साक्षीदारांसमोर. एकदा रागानं म्हटलं होतं, आता शांतपणे म्हणायचं.

"वर आहेत," मी म्हटलं. "बरं नाहीये त्यांना. या ना, जेवूनच जा."

मेल्ड्रमचं तोंड पाहण्यासारखं झालं.

टेबलाच्या एका टोकाला तो बसला, दुसऱ्या टोकाला मी, आणि मधे मेल्ड्रम. नॅन्सनं ओटच्या भाकऱ्या, खारवलेलं मटण आणि घरची बिअर आणली. तिनं थेंब सांडू दिला नाही. स्वार खाली अंगणात जेवत होते. धुकं खिडकीला टेकलं होतं.

"सांगायचं म्हणजे," मेल्ड्रम म्हणाला, "तुम्ही इथं सापडाल असं मला वाटलं नव्हतं. अर्लच्या यादीत तुमचं नाव आहे."

"असेल."

"बोलावणं आलं नाही?"

"मला एकाच ठिकाणाहून बोलावणं आलं," तो म्हणाला. "या घरातून."

मेल्ड्रम माझ्याकडे पाहून हसला. "नशीबवान आहात. माझी बायको मला घराबाहेर काढायला टपलेली असते." मग त्यानं बायबल काढलं. "शपथ घ्यावी लागेल. राजाविरुद्ध शस्त्र उचललेलं नाही म्हणून."

त्यानं पुस्तकावर हात ठेवला. उजवा, टोक नसलेल्या करंगळीचा. मला वाटलं आता काहीतरी होणार. धूर निघेल, किंकाळी फुटेल. काही झालं नाही. चुलीत एक ठोकळा ढासळला, तेवढंच.

"मी कोणाविरुद्धही कधीच शस्त्र उचललेलं नाही," तो म्हणाला.

आणि ते खरं होतं, गं. ती शपथ खोटी नव्हती. नाव मेल्ड्रमनं स्वतःच लिहिलं.

जेवताना मेल्ड्रम मधून मधून माझ्याकडे पाहत होता. जरा जास्तच पाहत होता. मला वाटलं, याला संशय आला. पण त्यानं कागद लिहिला: टॉर्नेथीच्या जमीनदाराला गुरुवारी भर दुपारी त्याच्या घरी, त्याच्या टेबलावर, मी स्वतः पाहिलं. खाली सही, दोन स्वारांच्या खुणा. मग मेल्ड्रम उठला, आणि तो त्याच्याबरोबर फाटकापर्यंत चालत गेला, यजमानानं जावं तसा. मी खिडकीतून पाहिलं. शिंग न वाजवता घोडे धुक्यात गेले.

तो वर आला आणि पुन्हा चुलीपाशी बसला. आता मला विचारावंच लागलं.

"किती दिवस राहणार?"

"तो येईपर्यंत."

"आणि... तो आलाच नाही तर?"

त्यानं मान वर केली आणि मला पाहून हसला. त्या हसण्यात रागलोभ काही नव्हतं. उलट मी बोलत असताना तो ज्या मायेनं ऐकायचा, तीच माया होती.

"मग बरंच आहे की, एफी."

त्या रात्री मात्र मी झोपले नाही.

शुक्रवारी दुपार कलताना मी अंगणात उभी होते. धुकं विरळ झालं होतं. ओढ्याच्या बाजूनं एक माणूस येत होता, भाल्याच्या तुटक्या दांड्यावर टेकत, एक पाय ओढत. डोक्यावर टोपी नाही, तोंड चिखलानं काळं. फाटकाशी येऊन तो माझ्यावर ओरडला, "बघत काय उभी राहिलीस, बाई! हात दे!"

असा गोड आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. मी पळत गेले. पण त्याला हात द्यायच्या आधी त्याचा डावा हात ओढून पाहिला. करंगळीला टोक नव्हतं. डाव्या. दाढीतला पट्टा उजवीकडे.

मग मला वरच्याची आठवण झाली. त्याला तिथंच पायरीवर बसवून मी जिन्यानं वर धावले. खुर्ची रिकामी होती. बसायची गादी चिंब ओली. नॅन्स मागच्या दारात उभी होती, भिंतीसारखी पांढरी.

"गेला," ती म्हणाली. "फाटकाशी धन्यांचा आवाज आला तसा उठला, मला म्हणाला, येतो नॅन्स, आणि मागच्या दारानं बाहेर. मी शेवटपर्यंत पाहिला त्याला. टेकडीवर चढला, नेच्यांत शिरला, आणि... बाईसाहेब, नेची हललीच नाहीत."

सहांतली दोन माणसं परत आली. चार ऑखरच्या माळावर राहिली. त्यांच्या घरांना आपण अजून धान्य देतो, ते का, हे आता तुला कळलं. अर्ल जहाजात बसून परमुलखात पळाला, त्याच्यामागं गेलेल्यांचं काय झालं ते पाहायला थांबला नाही. निनियनच्या मांडीत भाला घुसला होता. महिनाभर त्याला आम्ही लपवला आणि बाहेर सांगितलं की ताप आहे.

वसंतात खटला उभा राहिला. ड्रमॉर्टीच्या जमीनदाराला आपली ओढ्याकाठची कुरणं हवी होती. त्यानं एडिंबऱ्यात उभं राहून शपथेवर सांगितलं, की मी टॉर्नेथीला अर्लच्या डाव्या फळीत माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि त्यानं खरंच पाहिलं होतं, बिचाऱ्यानं. तो जन्मात एकदा खरं बोलला असेल, आणि ते कोणी ऐकलं नाही. कारण राजाच्या स्वतःच्या अधिकाऱ्याचा कागद पुढं आला. त्याच दिवशी, त्याच दुपारी, घरी, टेबलावर. न्यायाधीशांनी ड्रमॉर्टीला विचारलं, धुकं होतं ना? होतं. मग झालं.

घरी येताना दोन मैलांवर निनियननं घोडा माझ्या घोड्याशेजारी आणला. मग म्हणाला, "एफी, त्या मेल्ड्रमनं कोणाला पाहिलं?"

मी त्याला सगळं सांगितलं. हे सगळं, तुला सांगितलं तसं. आणि त्यानं, पहिल्यांदाच, मधे तोंड घातलं नाही. शेवटी विचारलं, "कसा होता तो?"

"माझं ऐकत होता."



"मग," तो म्हणाला, "मलाही शिकलं पाहिजे."

आणि शिकला. हळूहळू शिकला, शिव्या देत शिकला, पण शिकला. त्यानंतर अर्लच्या मुलानं नवा करार पाठवला, तो त्यानं मला वाचून दाखवला आणि माझ्यादेखत चुलीत घातला. संध्याकाळी चुलीपाशी बसायचा आणि मी काही सांगत थांबले की म्हणायचा, "मग?" कधीकधी त्या शब्दानं माझ्या पाठीवरून काटा सरकायचा. मी उठून त्याच्या करंगळीवरून हात फिरवायची. तो हात पुढं करायचा. अठ्ठावीस वर्षं आम्ही अशी काढली. सुखात काढली. गेल्याच्या गेल्या वर्षी, सफरचंदं उतरवायच्या दिवसांत, तो गेला. मला कसलं दुःख उरलेलं नाही, ग्रिझेल. माझ्या वाट्याला जे आलं ते पुरेसं होतं.

एवढंच सांगून थांबणार होते. पण तू आता या घराची आहेस, तर उरलेलंही ऐक.

जमीन तुझ्या नवऱ्याच्या नावावर करताना वकील म्हणाले, तो जुना कागद खरा आहे असं मेल्ड्रमकडून पुन्हा लिहून आणा, म्हणजे ड्रमॉर्टीची मुलं कुरकुर करणार नाहीत. म्हणून गेल्या मे महिन्यात मी पर्थला गेले होते, आठवतं? मेल्ड्रम तिथं मुलीकडे राहतो. म्हातारा झालाय, पण डोळे आणि डोकं लख्ख. त्यानं मला लगेच ओळखलं, वाईन मागवली, लिहायचं ते लिहून दिलं. मटण कसं खारवलं होतं, तेसुद्धा त्याच्या लक्षात होतं.

मी निघताना तो म्हणाला, "बाई, एक विचारू? इतकी वर्षं मनात आहे."

"विचारा ना."

"टॉर्नेथींना भाऊ होता का?"

"नाही," मी म्हटलं. "एकुलते एक होते."

"मग तो दुसरा कोण?"

"कोण दुसरा?"

त्यानं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "तुमच्या खुर्चीमागं उभा होता तो. अगदी टॉर्नेथींसारखा, तेच कपडे, तसाच ओला. जेवण होईपर्यंत उभाच. तुमच्या खांद्यावर हात ठेवून. मला चमत्कारिक वाटत होतं, की तुम्ही त्याला बसायलाही सांगत नाही, एक घास विचारत नाही. मी सारखा पाहत होतो तुमच्याकडे. म्हटलं घरचं भांडण असेल काही, आपण कशाला बोला."

  तो मला दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "टॉर्नेथी मला फाटकाशी निरोप द्यायला आले, हे मला पक्कं आठवतं. पण तो आला नाही. तो वर तुमच्याजवळच थांबला."

अशी पांढरी पडू नकोस, पोरी. मी त्यावर पुष्कळ विचार केलाय. इतक्या वर्षांत या घरात कोणाचं वाकडं झालेलं नाही. मुलं जगली, गाईगुरं वाढली, मी रोज रात्री सुखानं झोपते. खांद्यालाही मला कधी काही जाणवलं नाही. थंडीत थोडा गार असतो, तो वयानंही असेल.

फक्त एवढंच आहे, की पहिला गेला तो नॅन्सनं पाहिला. दुसऱ्याला जाताना कोणीच पाहिलेलं नाही.